६२ हजार किलोमीटर चाललेली गाडी १ लाख ९० हजारांची कशी निघाली

घोडबंदर रोडवरच्या एका गाळ्यातून विकली गेलेली ही डिझेल सेडान. २०१६ चं मॉडेल, पांढरा रंग, एमएच-०४ पासिंग, मीटरवर ६२ हजार. जाहिरातीत 'सिंगल ओनर, नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, डॉक्टरांची गाडी'. कळव्याच्या एका कुटुंबाने ४ लाख ३५ हजारांना घेतली आणि दीड महिन्यात इंजिन खोलायची वेळ आली. विकणाऱ्याचं नाव इथे देत नाही. तक्रार चालू आहे, आणि नाव कळून फारसा उपयोगही नाही. या गाडीवर जे केलं गेलं ते वाशी असो की कल्याण, कुठेही केलं जातं. धंद्यातल्या लोकांना ते पाठ असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून ही गाडी इथे सुटी करून दाखवतो.

आधी एक गंमत. 'सिंगल ओनर' ही बाब शंभर टक्के खरी होती. मालक एकच होता, फक्त त्याने ती पाच-सहा वर्षं पिवळ्या पाटीवर चालवली, मग आरटीओत रीतसर खासगी करून घेतली आणि विकायला काढली. यात बेकायदा काही नाही. फसवणूक लपवण्यात आहे, कारण टॅक्सीत चाललेली आणि घरी वापरलेली अशा दोन सारख्या गाड्यांच्या भावात सहज लाख-दीड लाखाचा फरक पडतो.

टॅक्सीच्या खुणा पुसल्या तरी पुरत्या जात नाहीत. पुढच्या-मागच्या बंपरवर रिफ्लेक्टर पट्टीचा डिंक राहतो. उन्हात तिरक्या नजरेने पाहिलं की तेवढा पट्टा मळकट दिसतो. बोनेट उघडल्यावर स्पीड गव्हर्नरसाठी (टॅक्सीचा वेग बांधून ठेवणारं यंत्र) कापून जोडलेल्या वायरी आणि त्यावरची काळी टेप सापडते. २०१९ नंतरच्या टॅक्सीत पॅनिक बटणाची भोकं दाराच्या खांबावर असतात, त्यावर प्लास्टिकची टिकली चिकटवलेली असते. काही मॉडेल्स तर कंपनी टॅक्सीसाठीच वेगळी विकते, उदाहरणार्थ डिझायरची 'टूर' मालिका. मागचा बॅज काढून दुसरा लावायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून व्हेरिएंट बॅजवरून ठरवू नका, चेसिस नंबरवरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

तोच चेसिस नंबर मीटरचंही सांगतो. या गाडीच्या सर्व्हिस नोंदीत नोव्हेंबर २०२१ ला १ लाख ७१ हजार ४०० किलोमीटर होते. त्यापुढचा वापर धरला तर १ लाख ९० हजार कुठे गेले नाहीत. डिजिटल मीटर मागे नेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे: क्लस्टर, म्हणजे डॅशबोर्डवरचा मीटरचा डबा, काढायचा, आतल्या मेमरी चिपमधला आकडा बदलायचा, परत बसवायचा. काही गाड्यांत तर क्लस्टर काढावाही लागत नाही. विकणारा 'सर्व्हिस बाहेर केली, रेकॉर्ड नाही' म्हणाला तर जुन्या विमा पॉलिसीच्या वेळचे तपासणीचे फोटो मागा, त्यात बहुतेक वेळा मीटर दिसतो.

झिजेवरून अंदाज बांधायला सगळे सांगतात: स्टिअरिंगची चकाकी, सीटची बाहेरची कड, पेडलचं रबर. पण आता हे विकणाऱ्यांनाही माहीत झालंय. या गाडीत पेडलची तिन्ही रबरं कोरी होती आणि स्टिअरिंगला नवं कव्हर शिवलेलं होतं. ६२ हजार चाललेल्या गाडीला पेडलची रबरं बदलायचं कारणच काय? कोरा भाग जुन्या भागाइतकाच बोलतो. ज्या गोष्टी कोणी बदलत नाही त्या पाहा: ड्रायव्हरच्या दाराची बिजागरी ढिली आहे का, हँडब्रेकच्या बटणावरचं अक्षर पुसलंय का, ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागेल एवढा काठ तयार झालाय का.

इंजिन थंड असतानाच

कुटुंब दुपारी चारला गाडी पाहायला गेलं. गाडी सुरूच होती, एसी लावून ठेवलेला. 'तुमच्यासाठी थंड करून ठेवली' असं वर सांगितलं. डिझेल इंजिनाचे निम्मे आजार पहिल्या तीस सेकंदांत दिसतात आणि ते तीस सेकंद इथे गिऱ्हाइकाला मिळालेच नाहीत. फोनवर सांगून ठेवा: सकाळी आठला येतो, गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, दुसऱ्या दिवशी या.

थंड इंजिन सुरू होताना टायमिंग चेनचा खडखडाट एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे, कारण तेवढ्यात ऑइलचा दाब चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपर्यंत पोचतो. त्यापुढे चालू राहिला तर चेन लांबलेली किंवा टेन्शनर गेलेला. सायलेन्सरमागे एक माणूस उभा करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पिस्टनच्या रिंग किंवा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बो. पांढरा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर म्हणजे इंजेक्टर डिझेल नीट फवारत नाही किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) पडलंय. पांढरा पण गोडसर वासाचा, आणि इंजिन गरम झाल्यावरही न थांबणारा, म्हणजे कूलंट आत शिरतंय. थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटर) दिल्यावर काळा लोट आला तर हवा कमी किंवा डिझेल जास्त: एअर फिल्टर, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा फुटका पाइप, इंजेक्टर, या क्रमाने शोधायचं, कारण खर्चाचा क्रमही तोच आहे.

मग ऑइल फिलरचं झाकण सैल करून उलटं तिथेच ठेवा, इंजिन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालू. डिझेलमध्ये ते थोडं थरथरणं साहजिक. उडून पडलं आणि भोकातून धुराचे झटके आले तर रिंग गेल्या. या चाचणीत ही गाडीही नापास झाली असती, पण झटके कमी दिसावेत म्हणून आत ५डब्ल्यू-३० ऑइलच्या जागी जाड २०डब्ल्यू-५० आणि वर चिकट अ‍ॅडिटिव्ह ओतलेलं होतं. जाड ऑइल रिंगच्या फटी तात्पुरत्या भरतं, खडखड दाबतं, धूरही कमी करतं. हजारभर किलोमीटर चालल्यावर त्याचा जोर ओसरतो आणि मूळ दुखणं वर येतं. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत घेऊन पाहा, मधासारखी तार सुटत असेल तर विकणाऱ्याला ऑइलचं बिल विचारा.

टेस्ट ड्राइव्ह सर्व्हिस रोडवर दोन किलोमीटर मिळाली होती. तेवढ्यात काही कळत नाही. किमान वीस किलोमीटर हवेत, त्यात एक चढ हवा. ठाण्यात गायमुखचा घाट आयता आहे: तिसऱ्या गिअरला चढावर पूर्ण थ्रॉटल द्या, टर्बो ओढतोय की नुसता आवाज करतोय ते लगेच समजेल. नवी मुंबईत पाम बीच रोडची सरळ पट्टी व्हील बेअरिंगचा घूं-घूं आणि स्टिअरिंगची ओढ ऐकायला बरी, फक्त वेगमर्यादा पाळा, तिथे कॅमेरे आहेत. क्लचसाठी मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. नुसतं घुमत राहिलं तर क्लच प्लेट संपली. परत आल्यावर एसी लावून दहा मिनिटं आयडलवर ठेवा. रेडिएटरचा पंखा लागतो का, ऑइल प्रेशरचा दिवा फडफडतो का, हे बघायचं. गरम आयडलवर तो दिवा फडफडला तर बेअरिंग झिजल्याची किंवा ऑइल पंप थकल्याची शक्यता धरा आणि सौदा तिथेच थांबवा.

कूलंट मात्र थंड असतानाच पाहा, गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. टाकीत नुसतं नळाचं पाणी, तपकिरी गाळ किंवा तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलरचा संशय घ्या. तपकिरी गाळ बऱ्याचदा गळती बुजवायच्या पावडरीचा असतो.

या गाडीचं कॉम्प्रेशन शेवटी मोजलं तेव्हा चार सिलिंडरना ३८०, ३७०, २९०, ३७५ पीएसआय आलं. आकड्यापेक्षा फरक महत्त्वाचा: सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरमध्ये दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त अंतर नको. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या (न फवारलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार सारख्या बाटल्यांत सोडल्या, तिसरी बाटली इतरांच्या दुपटीने भरली. रिंग, चेन किट, एक इंजेक्टर आणि मजुरी मिळून १ लाख १० हजार. याच दोन चाचण्या खरेदीआधी ओळखीच्या डिझेल मेकॅनिककडे झाल्या असत्या तर काही हजारांत काम भागलं असतं.

डॅशबोर्डवरचे दिवे

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता थांबा. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, ऑइल हे सगळे दिवे आधी *लागले* पाहिजेत. एखादा लागलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा टेप लावलीय. दोन दिवे नेहमी एकाच क्षणी विझत असतील तर वायर दुसऱ्या दिव्याला जोडलेली असू शकते. उडालेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर बसवला की कंप्युटर फसतो आणि दिवा शहाण्यासारखा विझतो. तिथे सीटबेल्ट पाहा, धडकेत बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर उडालेला असेल तर बेल्ट अर्ध्यातच अडकतो किंवा बक्कल खाली ओढलेलं असतं.

हजार-दीड हजारांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधल्या नोंदी वाचणारा) आणि मोबाइलवरचं अ‍ॅप घेतलंत तर नुसते फॉल्ट कोड वाचू नका. कोड एका बटणाने पुसले जातात. 'कोड पुसल्यापासूनचं अंतर' ही नोंद शोधा. या गाडीत ताबा घेतल्यापासून ८६० किलोमीटर झाले होते आणि कोड पुसल्यापासून ८७४. म्हणजे ताबा देण्याच्या चौदा किलोमीटर आधी कोणीतरी स्कॅनर लावला होता. 'कोड नाही' यापेक्षा 'कोड कालच पुसलेत' ही माहिती जास्त कामाची.

पाण्यातल्या गाड्या

ही गाडी पाण्यात गेलेली नव्हती, पण ठाण्यात राहून हा विषय टाळता येत नाही. जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर-कल्याणमध्ये शिरलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ ला चिपळूण-महाड. अशा गाड्या कुठल्याही पासिंगने बाजारात येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, तळाच्या फुटाला गाळाची रेघ पाहा. सीटच्या रुळांचे बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा, फ्यूज बॉक्समधली हिरवट पूड, कार्पेटखालचं नमदं दाबून ओल. आतून परफ्यूमचा भपका आला तर कारण विचारा. खाडीच्या हवेने सायलेन्सर आणि लोअर आर्मवर वरवरचा गंज येतोच, त्याला घाबरू नका; पण सगळा तळ ताज्या काळ्या कोटिंगने माखलेला असेल तर खालचं काय झाकलंय ते खरवडून पाहायचा हक्क मागा.

बाहेरून बसवलेला सीएनजी असेल तर आरसीवर नोंद हवी आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी झालेली हवी. प्रमाणपत्रावरचा सिलिंडर नंबर टाकीवर कोरलेल्या नंबराशी स्वतः जुळवा.

कागद, जिथे खरं नुकसान झालं

इंजिनाला लाखभर गेले, तरी मोठी अडचण दुसरीच निघाली. आरसीवर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, होता. विकणाऱ्याने बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ दाखवला, दोन्ही अस्सल. पण एनओसी जुन्या बँकेची होती आणि बोजा नंतर काढलेल्या टॉप-अप कर्जाचा, दुसऱ्याच फायनान्स कंपनीचा. लेटरहेडवरचं नाव आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरचं नाव शेजारी ठेवून कोणी वाचलंच नाही. १ लाख ३८ हजार बाकी आहेत आणि ते फिटेपर्यंत गाडी नावावर होणार नाही.

पैसेही गाळ्याच्या 'मॅनेजर'च्या वैयक्तिक खात्यात गेले. रक्कम आरसीवरच्या मालकाच्या खात्यात किंवा डीलरच्या फर्मच्या चालू खात्यात जावी, तिसरीकडे नाही. टोकन पाच हजारांपुढे देऊ नका आणि पावतीवर 'बोजा न उतरल्यास पूर्ण परत' असं लिहून घ्या.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मालकाने गाडी डीलरकडे दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर जाते आणि त्यानंतर जबाबदारी डीलरची. गाळ्यावर अधिकारपत्र मागा. नसेल आणि समोर पहिल्या मालकाच्या सह्यांचे कोरे फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करायचे अर्ज) असतील, तर तुम्ही दुकानाशी नाही, एका अनोळखी माणसाशी व्यवहार करताय. विकणाऱ्यांनीही कोऱ्या सह्या देऊ नयेत: नावावरून गाडी उतरेपर्यंत अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाच्या गळ्यात पडते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

ऑनलाइन व्यवहारात आणखी एक चाल आहे. भामटा खऱ्या मालकाची जाहिरात उचलून कमी भावाने टाकतो. मालकाला सांगतो, 'माझा मेहुणा बघायला येतोय, किमतीचं त्याच्याशी बोलू नका'. तुम्हाला सांगतो, 'गाडी माझ्या भावाची आहे, किंमत माझ्याशीच ठरवा'. गाडी खरी, मालक खरा, पैसे मात्र तिसऱ्याला. समोरच्याला रक्कम मोठ्याने विचारली की हे नाटक जागेवर संपतं.

पैसे गेलेच तर ऑनलाइन व्यवहारासाठी लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. गाडीबद्दल खोटं सांगून विकली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि सोबत पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली तक्रार. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, सर्व्हिस नोंदीची शिक्क्याची प्रत आणि मेकॅनिकचा लेखी अहवाल इंजिन खोलण्याआधी तयार ठेवा, नंतर समोरचा 'तुम्हीच बिघडवलं' म्हणतो. आणि डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडा लिहून दोघांच्या सह्या घ्या: त्याच दिवशी सकाळी लागलेलं चलन कोणाचं, यावर वाद होतो तो त्या वेळेमुळेच मिटतो.