पूर्ण उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा: काही महिने वापरल्यावर

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमीसाठी (शरीररचनाशास्त्रासाठी) हा सांगाडा घेतला आणि तेव्हापासून तो जवळपास रोज हाताळते आहे. उंची साधारण १७० सेंमी, चाकांचा स्टँड, कवटीचा वरचा भाग निघतो, हातपाय सुटे करता येतात.

दिशा शिकण्यासाठी याच्याइतकं चांगलं साधन मला मिळालेलं नाही. प्रॉक्सिमल (धडाच्या जवळचं), डिस्टल (धडापासून दूरचं) या संज्ञा नुसत्या वाचून डोक्यात राहत नाहीत. ह्यूमरसवर (दंडाच्या हाडावर) बोट ठेवून खाली सरकत गेलं की कोपर खांद्याला डिस्टल आणि मनगटाला प्रॉक्सिमल कसं, ते एकदाच कळतं आणि पक्कं होतं. सुरुवातीला सांगाड्याच्या मागे उभं राहून अभ्यास करा. समोरून पाहिलं की त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, आणि ॲनाटॉमीत डावं-उजवं नेहमी त्या शरीराचं धरतात, बघणाऱ्याचं नाही.

बहुतेक सांगाड्यांच्या हातांचे पंजे मांडीकडे वळलेले असतात, माझ्याचेही तसेच आहेत. ॲनाटॉमीतली प्रमाण स्थिती वेगळी: ताठ उभं शरीर, नजर समोर, तळवे पुढे, अंगठे बाहेरच्या बाजूला. याच स्थितीत कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं रेडियस लॅटरल (मध्यरेषेपासून दूरचं) आणि करंगळीकडचं अल्ना मीडियल (मध्यरेषेजवळचं) ठरतं. माणूस पालथा झोपला किंवा हात डोक्यावर घेतला, तरी ही नावं बदलत नाहीत.

हालचालींना मात्र हा सांगाडा तोकडा पडतो. प्रोनेशनमध्ये (तळवा मागे किंवा खाली वळवताना) रेडियस अल्नावरून आडवं जातं, सुपिनेशनमध्ये (तळवा पुढे किंवा वर वळवताना) दोन्ही हाडं समांतर येतात. माझ्या सांगाड्यात ही दोन हाडं एकमेकांना घट्ट बसवलेली आहेत. त्यामुळे तळवा पुढे आणायला पूर्ण हात खांद्यातून फिरवावा लागतो, आणि ते खांद्याचं लॅटरल रोटेशन (बाहेरच्या बाजूला फिरणं) झालं, सुपिनेशन नव्हे. नवख्याचा इथे हमखास गोंधळ होईल. म्हणून ही हालचाल स्वतःवर करून बघा: कोपर बरगडीला चिकटवून ९० अंशांत वाकवा आणि तळवा वर-खाली करा. आता खांद्याला मदत करता येत नाही, जे फिरतं ते फक्त फोरआर्म (कोपर ते मनगट).

खांद्याचंही तेच. हात बाजूने वर नेत कानाला लावला की साधारण १८० अंशांचं ॲबडक्शन (बाजूला दूर नेणं) होतं. त्यातले १२० च्या आसपास खांद्याच्या सांध्यातले, उरलेले स्कॅप्युला (खांद्याचं पातं) फिरल्यामुळे. सांगाड्याचं स्कॅप्युला बरगड्यांना बांधलेलं, म्हणून हात अर्ध्यातच अडतो. हे समजायला मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवून तिला हात वर करायला सांगितलं. स्कॅप्युलाचं खालचं टोक बाहेर सरकताना बोटांना स्पष्ट जाणवलं, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला!

बोटांचं ॲबडक्शन मधल्या बोटापासून मोजतात, पायाच्या बोटांचं दुसऱ्या बोटापासून. अंगठ्याचा हिशोब निराळा: तळहात वर करून हात टेबलावर ठेवा, अंगठा छताकडे उचलला तर ॲबडक्शन, तळव्यावरून आडवा सरकवला तर फ्लेक्शन (वाकवणं). यासाठी सांगाड्याची गरजच नाही.

पाऊल हा याचा सर्वांत कच्चा भाग. घोटा वर-खाली होतो, त्यामुळे डॉर्सिफ्लेक्शन (पाऊल वर) आणि प्लांटारफ्लेक्शन (पाऊल खाली) नीट दिसतं, पण टॅलसखालची (घोट्याच्या हाडाखालची) हाडं तारेने आवळलेली असल्याने इन्व्हर्जन (तळपाय आत वळवणं), इव्हर्जन (बाहेर वळवणं) दाखवता येत नाही. गुडघा मात्र उलट जास्तच सैल आहे, बाजूलाही डोलतो. लिगामेंट्स (हाडं जोडणारे पट्टे) नाहीत, मेनिस्कस (सांध्यातली कूर्चेची गादी) नाही, त्यामुळे खरा गुडघा असाच हलतो असं कुणी समजू नये.

शरीराच्या तिन्ही प्रतलांसाठी (शरीराचे काल्पनिक काप) पुठ्ठा वापरते. तो मधोमध समोरून मागे उभा धरला की सॅजिटल, कानापासून कानापर्यंत धरला की कोरोनल, आडवा धरला की ट्रान्सव्हर्स.

दर्जा बरा आहे. मणके क्रमाने ओळखता येतात: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, खाली सेक्रम (त्रिकोणी हाड) आणि कॉक्सिक्स (माकडहाड). स्नायूंच्या जोडणीच्या खुणा फिकट आहेत, ट्यूबरकल (हाडावरचे छोटे उंचवटे) बोटाने चाचपडून शोधावे लागतात. घेणार असाल तर आधी रेडियस अल्नावरून फिरतं का ते हाताने फिरवून बघा. फिरत असेल तर कवटीचे दात थोडे ओबडधोबड असले तरी तोच घ्या.