शिरोडा रस्त्यावरची माडी: जायचं तर सकाळीच

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रस्त्यालगतच हे सरकारमान्य माडी विक्री केंद्र लागतं. पत्र्याची शेड, चार बाकडी, दर फळ्यावर खडूने लिहिलेला. सकाळी दहाच्या आत गेलात तर पाचपैकी साडेचार. दुपारी तीननंतर दोनसुद्धा देणार नाही, तोवर आंबून ढॅण झालेली असते.

सकाळची माडी दुधट, गोड, जिभेवर झिणझिणणारी. काठाला बारीक फेस, त्यात एखादी मुंगी. ती बोटाने काढायची नि प्यायची. पाणी घातलेलं नाही हे पहिल्या घोटालाच कळतं. सोबत तिसऱ्यांचं सुकं घ्या, तळलेला बांगडा नको, तेल जुनं असतं. पेले सगळे एकाच बादलीत विसळतात, हे मला पटत नाही.

जन्मभर कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवली, त्यामुळे पेला हातात आला की झायमोमोनास मोबिलिस आठवतोच. माडीत यीस्टच्या जोडीने हा जिवाणूही राबतो. यीस्टला एका ग्लुकोजमागे दोन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू, सुटतात, याला एकच. मग बिचारा साखर भराभर उडवतो, स्वतःचं अंग फारसं धरत नाही, आणि जवळपास सगळ्या साखरेचं अल्कोहोल करून टाकतो.

शेडमागे सोडणांचा, म्हणजे नारळाच्या सालींचा, हा ढीग. मालकांनी विचारलं, "सर, ह्या सोडणांची माडी होतली काय?"

प्रश्न रास्त. पण झायमोमोनास ग्लुकोज, फ्रुक्टोज नि सुक्रोज सोडून कशाला तोंड लावत नाही. सोडणातल्या झायलोज या साखरेचं त्याला वावडं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या लॉनी इन्ग्रॅम यांनी त्याची दोनच जनुकं उचलली, पायरुवेट डिकार्बोक्सिलेज आणि अल्कोहोल डिहायड्रोजनेज या अल्कोहोल करणाऱ्या विकरांची, आणि ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूमध्ये बसवली. ई. कोलाय झायलोज खातो, फक्त त्याची आम्लंच जास्त करतो. या दोन जनुकांनी तो अल्कोहोलकडे वळला. १९९१ साली या कामाला मिळालेलं अमेरिकी पेटंट नेमकं पन्नास लाखावं! पुढे १९९५ मध्ये उलटी वाटही झाली: ई. कोलायची चार जनुकं झायमोमोनासमध्ये घालून त्यालाच झायलोज खायला लावली. तरी सोडण आधी वाफेने, आम्लाने फोडावं लागतं, त्यातलं लिग्निन, म्हणजे काष्ठाला कडकपणा देणारं द्रव्य, आडवं येतं.

"मगे ऱ्हवांदे," मालक म्हणाले, "बंबाकच घालतंय."

गाडी शेडसमोर लावू नका, तिथे एसटी वळते. घरी माडी न्यायची तर बाटली गळ्यापर्यंत भरू नका, झाकण सैल ठेवा. आमच्या शेजाऱ्यांची सावंतवाडीपर्यंतही टिकली नाही. डिकीला अजून वास येतो.