लिमिटिंग रिएजंट काढायचा, पण कोणत्या पद्धतीने?

अकरावीला रसायनशास्त्राच्या सुरुवातीच्याच धड्यांत बरीच मुलं इथे अडतात. मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) काढता येतात, समीकरण संतुलित करता येतं. पण दोन्ही अभिक्रियाकारकांची, म्हणजे अभिक्रियेत घातलेल्या पदार्थांची, वजनं दिली की पेन थांबतं. त्यात कॉलेजात एक पद्धत, क्लासमध्ये दुसरी आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत तिसरीच. उत्तर सगळ्यांनी तेच येतं, मग धरायची कोणती?

कल्पना सोपी आहे. सारण संपलं की उकड कितीही उरो, मोदक थांबतात. जो पदार्थ आधी संपतो तो लिमिटिंग रिएजंट, आणि तो पूर्ण वापरला गेल्यावर जास्तीत जास्त जेवढा माल बनू शकतो ती थिअरॉटिकल यील्ड.

सगळ्या पद्धतींना एकच गणित देऊन बघू. २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ५ ग्रॅम हायड्रोजन घेतले, तर अमोनिया किती? समीकरण सांगतं की १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन लागतो आणि २ मोल अमोनिया मिळतो. वजनांना एका मोलच्या वजनाने, म्हणजे २८ आणि २ ने भागलं की आपल्याकडे नायट्रोजन १ मोल, हायड्रोजन २.५ मोल. इथेच पहिला सापळा आहे: नायट्रोजनचे मोल कमी दिसतात म्हणून मुलं त्यालाच लिमिटिंग ठरवतात.

भागाकाराची पद्धत. प्रत्येकाचे मोल त्याच्या सहगुणकाने, म्हणजे संतुलित समीकरणात त्याच्या आधी लिहिलेल्या आकड्याने, भागायचे. सर्वांत लहान उत्तर ज्याचं, तो लिमिटिंग. नायट्रोजन १ भागिले १ म्हणजे १. हायड्रोजन २.५ भागिले ३ म्हणजे ०.८३३. हायड्रोजन लिमिटिंग, दोन ओळींत काम संपलं. ०.८३३ ला अमोनियाच्या सहगुणकाने, म्हणजे २ ने गुणलं की १.६६७ मोल, आणि एक मोल अमोनिया १७ ग्रॅमचा, म्हणजे २८.३३ ग्रॅम अमोनिया.

या पद्धतीची खरी ताकद तीन अभिक्रियाकारक असले की कळते. बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं ओळखीचं टायट्रेशन घ्या: पोटॅशियम परमँगनेट, ऑक्झॅलिक आम्ल आणि सल्फ्युरिक आम्ल, सहगुणक अनुक्रमे २, ५, ३. मोल समजा ०.०२, ०.०४ आणि ०.०३ आहेत. भागाकार येतात ०.०१, ०.००८ आणि ०.०१. ज्याचे मोल सर्वांत जास्त, तेच ऑक्झॅलिक आम्ल आधी संपतं! नुसते मोल बघून हे कुणाच्या लक्षात येणार?

दोन्हींकडून उत्पादित (तयार होणारा पदार्थ) काढण्याची पद्धत. नायट्रोजन पूर्ण वापरला तर अमोनिया ३४ ग्रॅम, हायड्रोजन पूर्ण वापरला तर २८.३३ ग्रॅम. लहान आकडा हीच यील्ड, आणि तो ज्याच्यामुळे आला तो लिमिटिंग. यात लिहिणं वाढतं, पण ‘का’ हे डोळ्यांना दिसतं. आपण घातलं एकूण ३३ ग्रॅम, मग ३४ ग्रॅम अमोनिया येईल कुठून? मला ही पद्धत शिकवताना फार आवडते ती याच क्षणासाठी. फक्त दोन्ही वेळा एकाच उत्पादिताची तुलना करा, आणि आलेल्या दोन आकड्यांची बेरीज किंवा सरासरी अजिबात करू नका.

‘लागतो किती, आहे किती’. १ मोल नायट्रोजनला ३ मोल हायड्रोजन हवा, आहे २.५, म्हणजे हायड्रोजन कमी पडला. समजायला सर्वांत सरळ, पण घाईत चुकायलाही सर्वांत सोपी. हायड्रोजनची ‘लागणारी’ संख्या नायट्रोजनच्या ‘असलेल्या’ संख्येशी ताडून बघणारे पेपर दरवर्षी दिसतात. तीन पदार्थ आले की ही पद्धत दमते.

तक्ता. प्रत्येक पदार्थाखाली तीन ओळी: सुरुवात, बदल, शेवट. नायट्रोजन १, वजा ०.८३३, उरला ०.१६७ मोल. हायड्रोजन २.५, वजा २.५, शून्य. अमोनिया शून्य, अधिक १.६६७. लिमिटिंग कोण हे आधी भागाकाराने ठरवावं लागतं, म्हणून काही जण याला वेगळी पद्धत मानत नाहीत. मी मानतो, कारण ‘किती उरलं?’ याचं उत्तर इथे आपोआप मिळतं. ०.१६७ मोल म्हणजे ४.६७ ग्रॅम नायट्रोजन, त्यात २८.३३ मिळवा: बरोबर ३३. ताळा जमला. पुढे रासायनिक समतोलाच्या धड्यात हाच तक्ता पुन्हा भेटतो.

म्हणून माझं मत असं. एमएचटी-सीईटीला भौतिक आणि रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटभरही नाही, तिथे भागाकारच. नीटलाही तोच. बोर्डाच्या लेखी पेपरात भागाकार करून खाली तक्ता मांडा, पायऱ्या स्वच्छ दिसतात. धडा पहिल्यांदाच शिकत असाल तर आठवडाभर दोन्हींकडून उत्पादित काढा, मग भागाकाराकडे वळा. ‘लागतो किती’ ही पद्धत मनातल्या मनात पडताळा घ्यायला ठेवा, उत्तर लिहायला नको.

एक गोष्ट मात्र कुठलीच पद्धत सांगत नाही. अलिबागजवळ थळला आरसीएफ या खत कंपनीच्या कारखान्यात अमोनिया बनतो. अशा कारखान्यात हायड्रोजन आणि नायट्रोजन साधारण ३ ला १ याच प्रमाणात सोडतात, तरी एका फेरीत थोडाच भाग अमोनिया होतो, कारण अभिक्रिया उलटही चालते. उरलेला वायू परत फिरवावा लागतो. यील्डचा काढलेला आकडा ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे.

बीएस्सीच्या प्रयोगशाळेत हे हाताने अनुभवता येतं. २ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आणि ५ मिलिलिटर ॲसेटिक अनहायड्राइड घेतलं, तर मोल अनुक्रमे ०.०१४५ आणि ०.०५३. प्रमाण १ ला १, म्हणून सॅलिसिलिक आम्ल लिमिटिंग आणि यील्ड २.६१ ग्रॅम ॲस्पिरिन. हाती २.१ ग्रॅम आलं तर ८० टक्के, छान काम. वजन २.६१ च्या वर भरलं, तर स्फटिक बहुधा ओले आहेत. वाळवून पुन्हा तोला.