थंड बोळा न लावताच रूट कॅनाल

थंड पाणी लागलं की दाढेत कळ येते, एवढ्याच तक्रारीवर माणूस खुर्चीत बसतो. एक्स-रेवर कीड दाखवतात, "नस सुजलीय, आजच रूट कॅनाल करून टाकू" म्हणतात आणि लगेच भुलीचं इंजेक्शन देतात. फसवलं जातं ते इथेच. नसेची सूज एक्स-रेमध्ये दिसतच नाही. कीड किती खोल गेलीय, मुळाच्या टोकाशी हाड विरघळलंय का, एवढंच त्यात कळतं. आणि एकदा भूल चढली की त्या दिवशी तपासायची संधीही गेली.

तपासणी खरं तर दोन-तीन मिनिटांची. दात कोरडा करायचा. गार फवारा मारलेला कापसाचा छोटा बोळा आधी एखाद्या चांगल्या दाढेला लावायचा, म्हणजे तुम्हाला साधी कळ कशी असते ते समजतं. मग दुखऱ्या दाढेला. बोळा काढला की सेकंद मोजायचे. कळ काही सेकंदांत विरली आणि एरवी दाढ आपणहून दुखत नसेल, तर नस बहुधा वाचते: कीड साफ करून नीट फिलिंग केलं की झालं. अर्धा मिनिट उलटूनही ठणकत राहिली, गरम घोटानं वाढली, रात्री आडवं पडताच झोप उडाली, तर मात्र ती सूज आपोआप उतरणारी नाही. काहीच जाणवलं नाही, तर नस मेलेली असू शकते. शिवाय दाढ ठोकून पाहायलाच हवी. नस सुजली की कळ वरच्या दाढेतून येते की खालच्या, हे कित्येकदा रुग्णालाच सांगता येत नाही, आणि मग भलत्याच दाढेला ड्रिल लागतं. काढलेली नस परत येत नाही.

दुसरा प्रकार अँटिबायोटिकचा. गालाला सूज नाही, ताप नाही, नुसता ठणका आहे, तर त्या गोळ्यांचा उपयोग नाही. ठणका येतो तो दाताच्या कडक भिंतींत कोंडलेल्या दाबामुळे. आठवड्याभरात दुखणं थांबलं, तर नस बरी झाली असं समजू नका. बऱ्याचदा ती मेलेली असते आणि जंतू मुळाच्या टोकाकडे सरकत असतात.

रूट कॅनाल खरंच लागत असेल, तर दाताभोवती रबर डॅमचा पडदा लावायला सांगा. तो नसेल तर लाळेतले जंतू आत जातात आणि दात धुवायचं तीव्र औषध तोंडात सांडतं. रूट कॅनालमध्ये मुळांतल्या, नस असलेल्या नळ्या साफ करून भरतात. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेत अशा बहुतेकदा चार नळ्या असतात. चौथी बारीक असते, घाईत सुटते आणि तीच पुढे पू धरते. शेवटच्या एक्स-रेमध्ये भरलेली पांढरी रेघ मुळाच्या टोकापासून 2 मिलिमीटरच्या आत संपलेली दिसली पाहिजे. अर्ध्यावर थांबली असेल, किंवा टोकाबाहेर डोकावत असेल, तर कॅप बसवून घेण्याआधीच विचारा. आधीचा आणि नंतरचा दोन्ही एक्स-रे मागून घ्या, आणि थंड बोळ्याला काय प्रतिसाद आला, किती नळ्या सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती मिलिमीटर, हे कागदावर लिहून मागा.