रचनाकार, योगायोग की श्रद्धा: नेमकं काय निवडायचं?

‘देव मानायचा, की सगळी सजीवसृष्टी योगायोगाने घडली म्हणायचं?’ या पेचात सापडलेल्यांनी आधी लक्षात घ्यावं की पर्याय दोन नसून तीन आहेत.

पहिला इंटेलिजंट डिझाइनचा. सजीवांतल्या काही रचना टप्प्याटप्प्याने घडूच शकत नाहीत, त्यामागे बुद्धिमान रचनाकार असलाच पाहिजे, असं हा पक्ष सांगतो. अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचं ठरलेलं उदाहरण म्हणजे जिवाणूची शेपटी. कित्येक प्रथिनांची जुळणी, मोटरसारखी गरगर फिरणारी. एक महत्त्वाचा भाग काढला की पोहणं बंद. पाहून थक्क व्हायला होतं, आणि ते रास्तच आहे. पण या शेपटीच्या बुडाशी असलेल्या प्रथिनांची भावंडं काही रोगकारक जिवाणूंत एका सुईसारख्या यंत्रणेत सापडतात. तिच्यातून ते दुसऱ्या पेशीत प्रथिनं टोचतात. म्हणजे शेपटीतले बरेच भाग नसले तरी उरलेला संच वेगळ्या कामाला येऊ शकतो. बीहींचा युक्तिवाद इथेच लंगडा पडतो. २००५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, शाळेत हा विचार मांडण्यावरून झालेल्या डोव्हर खटल्यात न्यायालयाने इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही, असा निकाल दिला.

दुसरा पर्याय उत्क्रांतीचा. त्याला ‘निव्वळ योगायोग’ म्हणणं हा अन्याय आहे. उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत होणारे बदल, जिवाची गरज पाहून होत नाहीत, योगायोग तेवढाच. त्यातलं काय टिकणार हे नैसर्गिक निवड ठरवते. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंचे १२ गट वाढवायला घेतले. ३१ हजारांहून जास्त पिढ्या उलटल्यावर एका गटाला प्राणवायू असतानाही सायट्रेट या क्षारावर जगता येऊ लागलं, जे ई. कोलायला एरवी जमत नाही. गोठवून ठेवलेले त्याच गटाचे पूर्वज पुन्हा वाढवले, तेव्हा ही क्षमता प्रामुख्याने नंतरच्या पिढ्यांच्या नमुन्यांतूनच परत उगवली. आधीच्या बदलांनी वाट तयार केली होती. पहिला सजीव कसा झाला, याचं पूर्ण उत्तर मात्र अजून हाती नाही.

तिसरा पर्याय श्रद्धा ठेवून उत्क्रांती मान्य करण्याचा. डोव्हरमध्ये इंटेलिजंट डिझाइनविरुद्ध साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत.

पुराव्यावर ठरवायचं असेल तर मी बेधडक दुसरा पर्याय सुचवेन. वर्गात शिकवायलाही तोच. श्रद्धा सोडवत नसेल तर तिसरा घ्या, पहिला नको. विज्ञानाला आज जे उलगडत नाही तिथे देवाला बसवलं, की प्रत्येक नव्या शोधाबरोबर त्याची जागा आक्रसत जाते. श्रद्धेवर असा घाला श्रद्धावंतांनीच का घालावा? तिसऱ्या पर्यायाची अडचण वेगळी आहे. असंख्य जीवजाती नामशेष होत, उपासमार आणि रोगराईतून गेलेली ही वाट दयाळू देवाने का निवडली असेल? हा प्रश्न बोचरा आहे, आणि तिकडे वळणाऱ्याने तो टाळू नये.