तिसरीचं परिसर अभ्यास (सोलापूर जिल्हा): पुस्तक चांगलंय, पण घेताना जिल्हा बघून घ्या

बालभारतीचं हे पुस्तक मी वर्गात शिकवते, सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या मराठी शाळेत, जिथं बरीच पोरं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलतात. पाचपैकी चार स्टार. घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, तिसरीचं हे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं, त्यामुळं दुकानात नुसतं ‘तिसरीचं परिसर द्या’ म्हणू नका, वर सोलापूर जिल्हा लिहिलंय का बघा, नाहीतर आपल्या 11 तालुक्यांच्या नकाशाऐवजी भलताच नकाशा घरी येईल. पीडीएफ बालभारतीच्या साइटवर फुकट मिळते.

मला हे पुस्तक आवडतं कारण त्यात मास्तरला जागा आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा असं म्हटलंय, मग राज्याचा अभ्यासक्रम, मग जिल्ह्याचं पुस्तक, आणि त्याच्या पुढचं काम वर्गातल्या बाईंचं, ते कुठं छापून येत नाही. अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेर पोराला काय काय यायला पाहिजे ते, मी बदलू शकत नाही आणि बदलू पण नये, उद्या पोरगं करमाळ्याच्या शाळेत गेलं तर त्याचं काही राहून गेलेलं नसावं. पण उदाहरण कुठलं घ्यायचं, धडा कधी घ्यायचा, कुणाला वर्गात बोलवायचं हे आम्ही ठरवतो.

पाण्याचंच घ्या. पाणी नक्की येतं कुठून हा धडा आम्ही वार्षिक नियोजनातच ऑगस्टला ठेवतो, कारण तेव्हा घराघरात उजनी धरण किती टक्के भरलं हीच चर्चा असते. पोरं विचारतात, बाई इथं तर पाऊसच नाही मग धरण कसं भरतंय? मग नकाशा काढायचा, पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात पडलेला पाऊस भीमेतून उजनीत येतो, तिथनं काही पाणी थेट पाइपलाइननं शहरात आणि काही नदीत सोडून औज बंधाऱ्यात, तिथनं टाकळीच्या पंपावर, मग आपल्या नळाला. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली म्हणजे काय हे पण तिसरीच्या पोरांना समजतं, बादलीत खालपासून थोड्या उंचीवर तोटी लावून दाखवा, तोटीच्या खालचं पाणी आपोआप बाहेर येत नाही, तो मृतसाठा. नळ रोज न येणाऱ्या घरातली पोरं हा धडा जसा ऐकतात तसा दुसरा कुठला ऐकत नाहीत.

कपड्यांच्या धड्याला एका पालकांना बोलवलं, ते चादरीच्या कारखान्यात कामाला आहेत, येताना सुताच्या कांड्या, मागावरचा धोटा आणि जकार्डची, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी घेऊन आले, भोकाभोकातून नक्षी कशी ठरते ते त्यांनी निम्मं तेलुगूत सांगितलं, आणि एरवी तोंड न उघडणारी पोरं त्या दिवशी बाकीच्यांना मराठीत समजावून सांगत होती. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे हे मी शेवटी सांगितलं.

पुस्तकातनं एक स्टार कमी एवढ्यासाठी की जिल्ह्याचं म्हणून जे आहे ते मुख्यतः नकाशा आणि जिल्ह्याची माहिती, बाकी धडे राज्यभर चालतील असे. शिक्षक नवीन असला, मूळचा बाहेरचा असला, तर त्याला कुणी सांगणारं पाहिजे. आणि तासांचा प्रश्न आहेच, राज्याच्या संकलित चाचण्या भाषा, गणित, इंग्रजीच्या, त्यामुळं परिसरचा तास पहिला कापला जातो, हे मला मनापासून खटकतं.

वरनं आलेलं फक्त राबवायचं असं समजणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीकडं बघावं, जिल्हा परिषदेच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढं ते राज्याच्या पुस्तकांत आले, आणि 2020 ला ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं.

आता 2023 च्या राष्ट्रीय आराखड्यात तिसरी ते पाचवीसाठी ‘आपल्या सभोवतालचं जग’ असा विषय आहे, आणि राज्यात नवीन अभ्यासक्रम 2025 च्या जूनला पहिलीपासून सुरू झालाय. तिसरीचं नवीन पुस्तक पण जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळंच पाहिजे आणि त्यात माग, उजनी, माळढोक पक्षी, मंगळवेढ्याची ज्वारी यायलाच पाहिजे. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी हे मांडणार आहे, आपापल्या केंद्रात तुम्ही पण मांडा, तोंडी नको, लेखी द्या.