कर्वेनगरचा एक एजंट: दोन टक्क्यांत काय मिळालं

डोंबिवलीचा फ्लॅट विकून पुण्यात लेकीच्या जवळ, कर्वेनगरमध्ये, जुन्या इमारतीतला टू बीएचके घेतला. नोकरी विमा कंपनीत, क्लेम्सच्या टेबलावर झाली. त्यामुळे समोरचा माणूस कागद वाचून बोलतोय की ऐकीव बोलतोय, हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. ज्यांनी व्यवहार करून दिला त्यांचं नाव इथे देत नाही. छोटं एकट्याचं ऑफिस आहे, हाताखाली एक मुलगा. काम कसं केलं ते सविस्तर लिहिते, कारण आयुष्यभराची पुंजी हातात घेऊन निघालेल्या माणसाला नेमकी हीच माहिती कुठे मिळत नाही.

आधी त्यांची पात्रता. मी नोंदणी क्रमांक विचारल्यावर त्यांनी भिंतीवरची फ्रेम दाखवली नाही, ‘काकू, महारेराच्या साइटवर तुम्हीच टाकून बघा,’ म्हणाले. महारेरा म्हणजे ‘रेरा’ या रिअल इस्टेट कायद्याखाली बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण. क्रमांक ‘ए ५२१’ने सुरू होणारा, म्हणजे एजंटचा आणि पुणे जिल्ह्याचा. नाव जुळलं, मुदत शिल्लक होती. ही नोंदणी पाच वर्षांची असते. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. तेव्हापासून मिळणारं प्रमाणपत्र माणसाच्या नावाचं असतं, फर्मच्या पाटीचं नव्हे. यांच्याकडे ते स्वतःच्या नावाचं होतं. वर त्यांनीच सांगितलं, की रेराची ही नोंदणी रेरात नोंदवलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागते; जुन्या फ्लॅटच्या रिसेलला कायद्याने तिची गरज नाही. स्वतःच्या प्रमाणपत्राची किंमत स्वतः कमी करून सांगणारा माणूस मला तिथेच पटला. आणि खरंच, परीक्षा पास झाल्याने कायदा कळतो. कर्वेनगरमधली कोणती गल्ली पावसाळ्यात तुंबते ते परीक्षेत येत नाही.

अनुभवाबद्दल ‘किती वर्षं धंद्यात आहात?’ हा प्रश्न मी विचारलाच नाही. त्याला सगळे ‘पंधरा-वीस’ म्हणतात. मी विचारलं, ‘ही इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट?’ आम्हा डोंबिवलीकरांना सोसायटी, तिचं शेअर सर्टिफिकेट (सभासद असल्याचा दाखला) आणि एनओसी एवढंच माहीत. पुण्यात मात्र कितीतरी इमारती १९७०च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतंच. बिल्डरचं किंवा जमीनमालकाचं डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र) आणि प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) लागतं. तेच नसेल तर जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा कागदावर कुठेच येत नाही. आधी भेटलेल्या एका एजंटने ‘एकच असतं हो ते’ म्हणून विषय उडवला होता. यांनी दाखवलेल्या पहिल्याच फ्लॅटबद्दल स्वतःहून सांगितलं, ‘हे अपार्टमेंट आहे, मालकाचं डीड झालेलं नाही. आधी ते करून घेऊ दे, मग बघू.’ हातातलं गिऱ्हाईक थांबवून ठेवणारी सूचना होती ती. शेवटी घेतला तो फ्लॅट सोसायटीतला, कन्व्हेयन्स झालेला, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलेली.

किमतीचं काम सर्वांत चांगलं. मालक पंचाहत्तर लाख सांगत होते. यांनी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवरून आजूबाजूच्या इमारतींतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे सरकारी गोषवारे, काढून टेबलावर ठेवले. जाहिरातीतले आकडे कुणीही लिहितो. इंडेक्स टूमध्ये नोंदवलेली रक्कम असते. जाहिरातीत आठशे दहा स्क्वेअर फूट ‘सेलेबल’, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेलं क्षेत्रफळ, लिहिलं होतं. यांनी टेप लावून मोजून घेतलं, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, सहाशे बारा भरली. सौदा अडुसष्ट लाखांना ठरला. ‘तुम्ही मालकाकडूनही घेता का?’ असं मी तोंडावर विचारलं होतं. ‘घेतो, दोन्हीकडून दोन-दोन टक्के,’ असं स्वच्छ उत्तर आलं. किंमत खाली आली की त्यांचंही उत्पन्न खाली येणार होतं, तरी कागद टेबलावर आले, हे नोंदवते.

मुद्रांक शुल्काच्या बाबतीतही ज्ञान ताजं. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, माझ्या व्यवहारात अडुसष्ट हजार रुपये. आधीचा एजंट ‘पण मग पंधरा वर्षं पुरुषाला विकता येणार नाही’ म्हणत होता. ती अट २०२३ मध्ये निघाली, हे यांना माहीत होतं. पन्नास लाख किंवा त्यावरच्या खरेदीत एक टक्का टीडीएस, म्हणजे आयकर, खरेदीदाराने मालकाच्या रकमेतून कापून भरायचा, हेही त्यांनी साठेखताच्या आधीच मालकाला समजावलं. त्यामुळे नंतर वाद झाला नाही. टोकनची रक्कम थेट मालकाच्या खात्यात चेकने गेली, एजंटच्या हातातून नाही, आणि विसार पावतीत सौदा मोडला तर काय, ते स्पष्ट लिहिलं होतं.

आता जिथे ते कमी पडले. पार्किंगबद्दल ‘खाली बसेल गाडी’ एवढ्यावर त्यांनी भागवायला बघितलं. सोसायटीचं लेखी पत्र मीच सेक्रेटरींकडून मागून आणलं, तेव्हा कळलं की जागा ठरवून दिलेली नाही, दरवर्षी चिठ्ठ्या टाकून मिळते. दोन टक्के घेणाऱ्याने ते आधी शोधायला हवं होतं. कर्जाच्या बाबतीतही ते कच्चे वाटले. माझ्याआधी आलेल्या जोडप्याला एकाच बँकेच्या माणसाचा नंबर देऊन त्यांनी मोकळं केलं. मला कर्ज नको होतं, पण ज्यांना हवं त्यांनी आपली चौकशी स्वतंत्र करावी. आणि रविवारी ते फोन उचलत नाहीत, जेव्हा नोकरदार माणसाला घरं बघायला वेळ असतो.

त्यांच्या दलालीचे एकूण एक लाख छत्तीस हजार दिले, पावती घेऊन. किमतीत कमी झालेले सात लाख आणि वाचलेलं मुद्रांक शुल्क धरता मला ते जड वाटले नाहीत. कर्वेनगर, वारजे, कोथरूडमध्ये रिसेल घ्यायचा असेल तर मी बिनधास्त त्यांच्याकडे पाठवते. भाचीला हिंजवडीत नवीन प्रकल्पात फ्लॅट हवा होता, तिला घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, ‘काकू, तिकडचे बिल्डर मला माहीत नाहीत. मी उगाच मध्ये पडणार नाही.’ तिच्यासाठी आम्ही दुसरं माणूस शोधतोय.